रुग्णावर हात साफ करून घेणे

रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षण सुरू झाले की वैद्यकीय विद्यार्थी माझ्याकडे समुपदेशनासाठी झोप लागत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही अशा तक्रारी घेऊन येतात. पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बहुतेकांच्या तोंडून एक प्रश्न या ना त्या रूपात बाहेर पडतोच : ‘मॅडम, आम्ही आजारी माणसांवर हात साफ करून घेतो, हे बरोबर आहे का?’ हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे की एका विद्यार्थ्याचा अनुभव, ओळख पटणार नाही इतपत बदलून, लिहून काढावा असे वाटले.

तो आला तेव्हा तीन आठवडे त्याने वॉर्डात कोणत्याही रुग्णाला हात लावला नव्हता. राउंडच्या वेळी तो घोळक्याच्या मागे उभा राही आणि रक्त काढायची वेळ आली की फॉर्म भरण्याचे काम मागून घेई. कारण होते एका आजींचे. सरावाच्या रबरी हातावर त्याला पहिल्या खेपेतच जमत असे. पण रबरातली शीर जागची हलत नाही. वय झालेल्या माणसाच्या त्वचेखालचा आधार सैल झालेला असतो आणि सुई टेकताच शीर बाजूला सरकते. पहिल्यांदा ती तशीच सरकली. दुसऱ्यांदा सुई आरपार गेली. तिसऱ्यांदा घाईघाईत त्याने शीर फुगावी म्हणून दंडाला आवळलेला पट्टा सोडण्याआधीच सुई ओढून काढली आणि पाहता पाहता कोपराच्या खळगीत जांभळा फुगवटा आला. नर्सने येऊन दुसऱ्या हातातून रक्त काढले. हा तोवर निघून गेला होता.

‘त्यांच्या हाताची मी पाटी केली,’ तो म्हणाला.

पहिल्या दोन भेटींत मी सर्वांत सोपी गोष्ट केली, म्हणजे त्याला धीर दिला. खाटेशी उभे राहून शिकण्याला पर्याय नाही, 1893 साली सुरू झालेल्या अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय विद्यालयात डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानगृहातून वॉर्डात आणले ते याचसाठी, वगैरे. त्याने सारे नम्रपणे ऐकून घेतले आणि पुढचा आठवडाभर तो घोळक्याच्या मागेच उभा राहिला.

तिसऱ्या भेटीत मी बोलणे कमी केले.

‘आजी तेव्हा काय म्हणाल्या?’

‘माहीत नाही.’

‘त्यांचा चेहरा कसा झाला होता?’

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘हात आठवतो. पट्टा आठवतो, सुईची हिरवी टोपी आठवते. चेहरा... मी वर पाहिलेच नाही.’

या वाक्यापाशी आम्ही दोघेही थांबलो. आपण आजींसाठी झुरत आहोत असे त्याला वाटत होते, पण त्या पाच मिनिटांत आजी त्याच्या लेखी तिथे नव्हत्याच. तिथे होती एक परीक्षा आणि त्याला नापास करणारी एक शीर. ‘मला जमलेच पाहिजे’ हा हट्ट डोक्यात असला की समोरचे माणूस दिसेनासे होते. भावनेच्या मुळाशी विचार असतो, असे 1950 च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडले; मी त्याच वाटेने काम करते, आणि खंत व अपराधीपणा यांतला फरक मला त्या वाटेवरच उमगला. खंत वाटणारा विद्यार्थी आजींकडे परत जाऊन ‘दुखते का?’ असे विचारतो. अपराधीपणाने ग्रासलेला विद्यार्थी फॉर्म भरत बसतो आणि त्यालाच संवेदनशीलता समजतो. माझे हे बोलणे त्याला लागले, पण ते लागणे आवश्यक होते असे मला आजही वाटते.

म्हणून असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आता धीर देण्याआधी काम देते. सुई हाती घेण्याआधी रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहा आणि आपण विद्यार्थी आहोत हे स्वतःहून सांगा. दोन प्रयत्नांत जमले नाही तर दुसऱ्याला बोलावण्याची शिस्त अनेक रुग्णालयांत असते. ती रुग्णाला आधीच सांगून टाका, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाचा मोह उरत नाही. पट्टा आधी सोडा, सुई नंतर काढा, मग त्या जागी नीट दाब धरा. तरीही काळेनिळे झालेच तर तसे सांगा आणि माफी मागा. मदत मागितल्याबद्दल सीनियर टोमणे मारत असतील, तर तो दोष तुमचा नव्हे. ती गोष्ट शिक्षकांच्या कानावर घालायलाच हवी.

आजींना एव्हाना घरी सोडलेले होते, त्यामुळे त्यांची माफी मागणे राहूनच गेले. पंधरा दिवसांनी तो आला तो हसतच. एका काकांना त्याने सगळे रीतसर सांगितले होते : मी विद्यार्थी आहे, दोनदाच प्रयत्न करेन, नको असेल तर आत्ताच सीनियरना बोलावतो.

‘मग?’

‘नको म्हणाले.’

‘मग तू काय केलेस?’

‘सीनियरना बोलावले आणि शेजारी उभा राहून पाहिले. जाताना काका म्हणाले, उद्या ये, उद्या बघू.’