सैंखो नामचिलाक यांचं 'लॉस्ट रिव्हर्स' हे गाणं आहे की नुसतं ओरडणं?

सैंखो नामचिलाक या तुवाच्या (रशियातल्या दक्षिण सायबेरियातला प्रदेश) गायिका. त्यांचा 'लॉस्ट रिव्हर्स' पाच मिनिटांत बंद केलात असं तुम्ही लिहिलंय, ते समजू शकते. तो एकट्या आवाजाचा अल्बम आहे, साथीला कुणी नाही. नामचिलाक यांची पहिली ओळख करून घ्यायला तो सगळ्यात अवघड. पण ओरडणं म्हणू नका.

मी शास्त्रीय गाणं शिकले, म्हणून तंबोऱ्यापासून सांगते. जवारी (तारेचा झंकार) नीट लागली की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'च्या, तारेतून गंधार ('ग') ऐकू येतो, आपला स्वयंभू गंधार. तो कुणी छेडलेला नसतो. षड्जाच्याच पोटातला तो पाचवा स्वरांश (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारा वरचा सूक्ष्म स्वर). तुवाच्या खूमेईत, म्हणजे तिथल्या पारंपरिक कंठगायनात, हेच गळ्यात घडतं. गायक एक स्वर धरून ठेवतो आणि जीभ, ओठ हलवून तोंडातली पोकळी अशी बदलतो, की एकेक स्वरांश वर शिटीसारखा उमटतो. सिगित प्रकारात ही शिटी लख्ख असते. कारगिरा प्रकारात स्वरतंतूंच्या वरच्या घड्याही थरथरतात आणि आवाज एक सप्तक खाली गेल्यासारखा घुमतो.

नामचिलाक 1957 साली तुवाच्या दक्षिणेला एका खेड्यात जन्मल्या. तिथे बायकांनी खूमेई गाऊ नये असा संकेत होता; गायल्यास मूल होण्यात अडचण येते, घरच्या पुरुषांवर संकट येतं, असं मानत. त्या हे गुपचूप शिकल्या. पुढे मॉस्कोत संगीतशिक्षण, लोकसंगीताचा सरकारी संच, आणि मग 'त्रिओ' हा मुक्त जाझ वाजवणारा गट. मला हे वळण फार मोलाचं वाटतं. मुक्त जाझमध्ये सहसा आधी ठरवलेली चाल नसते, ठेका नसतो. समोरच्याचं ऐकायचं आणि त्याच क्षणी उत्तर द्यायचं. बाईला वर्ज्य मानलेली विद्या तिथे कुणाला न विचारता वापरता आली.

'मार्स साँग' (1996) या अल्बममध्ये ब्रिटिश सॅक्सोफोनवादक इव्हान पार्कर सोबत आहेत. ते नाकाने श्वास घेत घेत, सूर न तोडता वाजवतात आणि वाद्यातून एकाच वेळी अनेक स्वर काढतात. म्हणजे खूमेईच्या जवळचंच काम, फक्त पितळेच्या नळीत! काही जागी गळा कुठला आणि सॅक्सोफोन कुठला, हे मला आजही ओळखता येत नाही. म्हणून याला 'फ्यूजन' म्हणणं मला पटत नाही. त्या सलग खूमेई गातही नाहीत. कुजबुज, किंचाळी, पाखरांचे आवाज यांच्यामध्ये ती अचानक येते, जिथे हवी तिथेच.

सुरुवात 'स्टेपमदर सिटी' (2000) पासून करा. त्यात ठेका आहे, चाली आहेत, कानाला धरायला काहीतरी मिळतं. मग 'मार्स साँग'. 'लॉस्ट रिव्हर्स' शेवटी, रात्री, हेडफोन लावून. आणि त्याआधी दहा मिनिटं नुसता तंबोरा लावून बसा. तो गंधार कानाला सापडला, की मग अल्बम सुरू करा.