गाळाच्या खडकांखाली दडलेलं तांबं-सोनं कसं शोधतात? सोलापूरच्या काळ्या पाषाणाखाली तसं शोधता येईल का?

प्रश्न दुहेरी आहे. ऑस्ट्रेलियात तीनशे-चारशे मीटर गाळाच्या खडकांखाली, वर एकही खूण नसताना तांबं-सोनं सापडतं ते कसं? आणि तीच पद्धत सोलापूर जिल्ह्यात वापरली तर काय होईल? विचारणारा सोलापुरात भूशास्त्र शिकतोय असं प्रश्नावरून दिसतं, म्हणून आकडेमोडीसकट लिहितो.

झाकलेलं खनिज शोधताना "धातू कुठे आहे" हा प्रश्न नंतर येतो. आधी विचारायचं ते हे की आवरण किती जाड आहे, कशाचं आहे आणि त्याचा तळ सपाट आहे की उंचसखल. याचं उत्तर हाती नसेल तर नकाशावरचा लाल ठिपका खनिजाचा की आवरणाचा, हे कुणीच सांगू शकत नाही. या क्षेत्रात वाया गेलेल्या बोअरपैकी बऱ्याच इथेच वाया गेल्या, असं माझं मत आहे.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण ऑलिंपिक डॅम, दक्षिण ऑस्ट्रेलिया. नाव मोठं असलं तरी तो डॅम म्हणजे गुरांसाठी बांधलेलं साधं तळं. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या वर्षातलं म्हणून ते नाव. वेस्टर्न मायनिंग कॉर्पोरेशनने 1975 मध्ये तिथे पहिली बोअर घेतली, आरडी-1. सुमारे 350 मीटर आडवे, शांत गाळाचे थर ओलांडल्यावर 38 मीटर लांबीत सरासरी 1.05 टक्के तांबं लागलं. पण खाण होईल इतका भक्कम पट्टा लागायला 1976 ची आरडी-10 उजाडावी लागली: 170 मीटर, सुमारे 2.1 टक्के तांबं. मधल्या बहुतेक बोअरमध्ये सांगण्यासारखं काही नव्हतं. गंमत म्हणजे कंपनी शोधत होती झांबियासारखं, गाळाच्या थरांतलं तांबं. बेसाल्टमधून (लाव्हा गोठून झालेल्या काळ्या पाषाणातून) तांबं झिरपून वरच्या थरांत साचलं असेल हा त्यांचा तर्क होता. जागा निवडली ती गुरुत्व आणि चुंबकीय अनॉमली (आजूबाजूपेक्षा वेगळं वाचन येणाऱ्या जागा) एकमेकींजवळ आल्या म्हणून. सापडला मात्र वेगळाच प्रकार: सुमारे 159 कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटमधला, हेमॅटाइटने भरलेला तुटक्या खडकांचा प्रचंड ढीग, त्यात तांबं, युरेनियम, सोनं आणि चांदी. आज या प्रकाराला आयओसीजी म्हणतात, म्हणजे लोह ऑक्साइडसोबतचं तांबं-सोनं.

याच पट्ट्यात 2001 मध्ये प्रॉमिनंट हिल (आवरण सुमारे 100 मीटर) आणि 2005 मध्ये कॅरापटीना (सुमारे 470 मीटर) सापडलं. 2018 मध्ये ओक डॅमच्या एका बोअरमध्ये 1,063 मीटरपासून पुढे 425.7 मीटरभर 3.04 टक्के तांबं आणि टनाला 0.59 ग्रॅम सोनं लागल्याचं बीएचपी या खाण कंपनीने जाहीर केलं.

हे लोहामुळे जमतं. हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइटची घनता 5.2 च्या आसपास, ग्रॅनाइटची 2.65. म्हणजे धातूचा साठा आजूबाजूपेक्षा जड असतो आणि तो जडपणा वरून मोजता येतो. चुंबकत्वाच्या बाबतीत मात्र दोघांत फरक आहे. मॅग्नेटाइट जोरदार चुंबकीय, हेमॅटाइट जवळजवळ गप्प. अनेकदा श्रीमंत तांबं हेमॅटाइटच्या भागात असतं. त्यामुळे फक्त चुंबकीय नकाशा पाहून त्याच्या शिखरावर बोअर घेतली तर मॅग्नेटाइट भरपूर मिळतं आणि तांबं जेमतेम. गुरुत्वाचं शिखर आणि चुंबकीय शिखर एकमेकांपासून थोडं सरकलेलं असेल तर मी ते चांगलं लक्षण समजतो.

आता आकडे. समजा 200 मीटर त्रिज्येचा गोलाकार साठा आहे, केंद्र 600 मीटर खोल, घनतेतला फरक 0.5 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. हा दहा कोटी टनांचा ऐवज झाला. बरोबर डोक्यावर त्याची गुरुत्व अनॉमली येते फक्त 0.31 मिलिगॅल (गुरुत्वाचे बारीक फरक मोजायचं एकक). केंद्रापासून 460 मीटर बाजूला गेलात की ती निम्मी. त्यासमोर चुका मांडून पाहा:

स्टेशनची (मोजणीच्या जागेची) उंची 1 मीटरने चुकली तर सुमारे 0.2 मिलिगॅलची चूक. म्हणून साध्या जीपीएसची उंची इथे चालत नाही. आरटीके (जवळच्या स्थिर रिसीव्हरवरून दुरुस्त केलेलं जीपीएस) किंवा तत्सम पद्धतीने 5 सेंटिमीटरच्या आत उंची हवी, म्हणजे चूक 0.01 वर येते.

बेसमेंटमध्ये (आवरणाखालच्या जुन्या कठीण खडकात, घनता 2.67) रुंद, नुसता 30 मीटर उंचवटा असेल आणि वर 2.4 घनतेचा वालुकाश्म, तर तो उंचवटा एकटाच 0.34 मिलिगॅल देतो. धातूचा कणही नसताना दहा कोटी टनांच्या साठ्याइतकी अनॉमली! आवरणाचा तळ आधी शोधा असं वर म्हटलं ते यासाठी.

तळ शोधायचे मार्ग बरेच आहेत. जुन्या पाण्याच्या बोअरच्या नोंदी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. मऊ गाळाखाली कठीण खडक असेल तर जमिनीची नैसर्गिक थरथर अर्धा तास मोजून शिखराची वारंवारता काढतात. जाडी म्हणजे कतरणी लहरींचा वेग भागिले वारंवारतेची चौपट. वेग सेकंदाला 600 मीटर आणि शिखर 0.5 हर्ट्झवर आलं तर जाडी 300 मीटर. एक-दोन ठिकाणी बोअरशी ताळा करून घेतला नाही तर वेगाचा अंदाज चुकतो आणि जाडीही त्याच प्रमाणात चुकते.

विद्युत पद्धतींत विखुरलेल्या सल्फाइडसाठी (गंधकयुक्त धातुखनिजांसाठी) आयपी (जमिनीत सोडलेला प्रवाह थांबल्यावर उरणारा विद्युतभार मोजणं) चांगली, पण आवरणात खारं पाणी असेल तर प्रवाह वरच्या वरच पसरतो, खाली पोचतच नाही. अशा वेळी मॅग्नेटोटेल्युरिक, म्हणजे नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरींवरून खालच्या खडकांची वाहकता काढणं. त्याची पोच साधारण 503 गुणिले, रोधकता भागिले वारंवारता याचं वर्गमूळ, इतके मीटर. 10 ओहम-मीटरच्या गाळात 1 हर्ट्झला जवळजवळ 1,600 मीटर. ऑलिंपिक डॅमखाली कवचात खोलवरून वर येणारे सुवाहक पट्टे या पद्धतीनेच दिसले आहेत. यातून द्रव कुठून वर आले याचा माग लागतो. बोअर कुठे घ्यायची हे मात्र ती सांगत नाही.

मातीचे नमुने? आवरण जाड असेल तर वरच्या मातीवर फार विसंबू नये. खरी भू-रसायनाची जागा आहे आवरणाचा तळ. जुनी जमीन गाडली गेली तेव्हा धातूचे कण आजूबाजूला वाहून तिथेच पसरलेले असतात. त्यामुळे बोअर त्या सीमेवरून जाताना वरच्या-खालच्या दहा-दहा मीटरचे नमुने मीटरमीटरने घ्यायचे, एकत्र करायचे नाहीत.

बोअरमध्ये सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त गोंधळ. आवरणातून कोअर (खडकाचा अखंड दंडगोल) काढत बसायची गरज नसते. रोटरी किंवा आरसीने (खडकाचा चुरा करणाऱ्या ड्रिलने) भोक पाडून ताज्या, म्हणजे न सडलेल्या खडकात 6 ते 10 मीटर शिरायचं, केसिंग (भोकाला आधार देणारा पाइप) बसवायचं, मग डायमंड बिटने एचक्यू कोअर (63.5 मिमी), अडचण आली तर एनक्यू (47.6 मिमी). केसिंग सीमेच्या वरच थांबवलं की फुगणारी माती आणि सुटा वालुकाश्म रॉड धरून बसतात. भोक तिरकं घ्यायचं असेल तर हिशोब आधी करा: 60 अंशाने गेलात तर 350 मीटर खोल पोचायला 404 मीटर रॉड लागतात आणि बिट आडवी 202 मीटर सरकलेली असते. उभ्या, गोलसर ब्रेशियासाठी (तुटक्या खडकांच्या ढिगासाठी) सरळ भोक चालतं. शिअर झोनमधल्या (खडक घसरून चिरडलेल्या पट्ट्यातल्या) उभ्या सोन्याच्या शिरांसाठी तिरकंच हवं. भोक वाकतंच, त्यामुळे दर 30 मीटरला दिशा मोजायची, आणि तीही जायरोने (चुंबकावर न चालणाऱ्या दिशामापकाने). मॅग्नेटाइटजवळ होकायंत्रावर चालणारा कॅमेरा सरळ खोटं बोलतो.

दुसरी नेहमीची चूक बोअर लवकर थांबवण्याची. आवरणाखालची जुनी जमीन कधीकाळी उघडी होती, सडलेली होती. तिच्या वरच्या भागातलं तांबं धुऊन गेलेलं असू शकतं. त्या मऊ, पांढुरक्या-तांबूस भागातच भोक संपवून "रिकामं" असा शिक्का मारू नये. ताज्या खडकात निदान 50 मीटर जावं. नमुन्यांत कोअर करवतीने उभी अर्धी कापायची, दर वीसेक नमुन्यांत एक प्रमाणित नमुना, एक कोरा आणि एक दुबार. हातातल्या एक्सआरएफने (क्ष-किरणांनी धातू मोजणाऱ्या यंत्राने) तांब्याचा अंदाज येतो, सोन्याचा नाही. सोन्याला 30 किंवा 50 ग्रॅमची फायर अ‍ॅसे (नमुना वितळवून सोनं वेगळं काढणारी चाचणी) लागते.

आता सोलापूर. इथलं आवरण मुळात गाळाचं नाही, बेसाल्टचं आहे, आणि त्याने सगळं गणित उलटतं.

जाडीचा जवळचा भरवशाचा आकडा किल्लारीचा. 1993 च्या भूकंपानंतर तिथे 617 मीटर खोल बोअर घेतली गेली. तीत 338 मीटर बेसाल्ट, त्याखाली फक्त आठेक मीटर गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइट-नाइस (जुना, पट्टेदार कठीण खडक). पश्चिमेला कोयनेत बेसाल्ट 930 मीटरच्या वर भरला. सोलापूर या दोघांच्या मधे असलं तरी नुसतं सरासरी काढून आकडा लिहू नका. खालची जमीन सपाट नाही. कुर्डुवाडी भागात गुरुत्व कमी दिसतं म्हणून ट्रॅपखाली (बेसाल्टच्या थरांखाली) दरी असावी असा अंदाज 1973 मध्ये मांडला गेला, आणि त्यावर पुढे बरीच चर्चा झाली.

बेसाल्टची घनता 2.9 धरा, खालच्या नाइसची 2.67. म्हणजे आवरण बेसमेंटपेक्षा जड. बेसमेंटमध्ये 35 मीटरचा खोलगा असेल आणि तो बेसाल्टने भरला असेल तर सुमारे 0.34 मिलिगॅलचं शिखर दिसेल. ऑस्ट्रेलियात उंचवटा फसवतो, इथे खड्डा फसवेल. चुंबकीय नकाशाची अवस्था याहून वाईट. बेसाल्ट स्वतः चुंबकीय, त्यातले बरेच प्रवाह पृथ्वीचं क्षेत्र उलटं असताना गोठलेले, त्यामुळे कमी उंचीवरून उडवलेल्या विमानाला वरच्या प्रवाहांचीच गर्दी दिसते. लांब तरंगलांबीचा (खोलवरून येणारा) भाग वेगळा काढल्याशिवाय बेसमेंटबद्दल बोलू नये. थरथर मोजण्याची पद्धतही लंगडी पडते, कारण बेसाल्ट आणि नाइस यांच्या वेगात फारसा फरक नाही. बेसाल्टखालचा पातळ गाळाचा थर मंद वेगाचा असल्याने अपवर्तन पद्धतीत (जमिनीत वाकून परतणाऱ्या कंपनलहरी मोजताना) तो दिसतच नाही.

मातीचं तर नावच नको. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मुळातच शंभर-दोनशे पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) तांबं असतं. त्यापासून बनलेल्या काळ्या रानात नमुना घ्याल तिथे तांबं "चढं" दिसणार. बोअरच्या चुऱ्यात काही पिवळं चमकलं म्हणून कुणी फोटो पाठवला तर आधी ती बोअर किती फुटांची ते विचारा. आपल्याकडच्या बहुतेक पाण्याच्या बोअर बेसाल्ट ओलांडत नाहीत.

प्रत्यक्ष काम करायचं तर मॅग्नेटोटेल्युरिकला इथे सर्वाधिक वाव आहे, पण सोलापूर हे विजेचं जंक्शन आहे. सोलापूर-रायचूर 765 केव्ही लाइन, एनटीपीसीचं केंद्र, विद्युतीकरण झालेली रेल्वे, वर शेतातले पंप. स्टेशन यांपासून निदान दोन-तीन किलोमीटर दूर आणि जोडीला लांबवर एक संदर्भ स्टेशन हवंच. गुरुत्वमापक काळ्या मातीत पावसाळ्यात ठेवू नका. तिपाईचा पाय हळूहळू रुततो आणि वाचन सरकत राहतं. उन्हाळ्यात भेगा टाळून, शक्यतो मुरूम किंवा उघड्या दगडावर तिपाई टेका, आणि दर दोन-तीन तासांनी बेसवर परत या.

खाली असेल तरी काय? दक्षिणेला धारवाड क्रेटन (अतिप्राचीन, स्थिर भूखंडाचा तुकडा) आहे. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची सोन्याची खाण, हुनगुंद-कुष्टगीचा शिस्ट (पापुद्र्यांचा रूपांतरित खडक) पट्टा, हे पट्टे साधारण वायव्येकडे झेपावतात आणि आधी कलादगी-भीमा खोऱ्यांतल्या गाळाच्या खडकांखाली, मग ट्रॅपखाली शिरतात. त्यामुळे तर्काला धरून शोधायचं असेल तर इथे शिस्ट पट्ट्यातलं सोनं शोधावं. ऑलिंपिक डॅमसारखं तांबं शोधायला मी सोलापुरात सुरुवात करणार नाही. शिस्ट पट्टे नाइसपेक्षा जड असतात, लांबट असतात, त्यांच्या अनॉमलीही लांबट येतात. खड्ड्यात भरलेल्या बेसाल्टपासून त्यांना वेगळं काढायला ही दिशा कामी येते.

खासगी माणसाने हौस म्हणून बोअर मारायचा हा विषय नाही, परवाना लागतो. 2023 च्या कायदादुरुस्तीने सोनं-तांब्यासह 29 खनिजांसाठी लिलावाने मिळणारा एक्सप्लोरेशन लायसन्स आला आहे. विद्यार्थ्याला मात्र घरबसल्या बरंच करता येतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर आणि 2023 मध्ये सुरू झालेल्या एनजीडीआरवर (राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारावर) गुरुत्व आणि चुंबकीय माहिती आहे. राष्ट्रीय नकाशांकनात साधारण अडीच चौरस किलोमीटरला एक गुरुत्व स्टेशन असतं, म्हणजे दोन स्टेशनांत दीडेक किलोमीटर. वरचा दहा कोटी टनांचा गोल त्यांच्या मधून आरामात निसटू शकतो, पण वीस-तीस किलोमीटर लांबीचा शिस्ट पट्टा निसटत नाही. प्रबंधाला विषय हवा असेल तर हट्टी किंवा हुनगुंदचा उघडा पट्टा घ्या, त्याची घनता प्रयोगशाळेत मोजा, त्याच्यावर 350 मीटर बेसाल्ट ठेवून मॉडेल चालवा आणि उत्तर विजापूर-सोलापूरच्या नकाशाशी ताडून पाहा.