उत्तर: ट्रॅप दारात लावू नका, दाराच्या अलीकडे लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 'ऑर्क्स मस्ट डाय २' या गेममध्ये तुम्ही रिफ्टच्या, म्हणजे शत्रूंपासून राखायच्या ठिकाणाच्या, आधीच्या शेवटच्या दारात, अगदी उंबऱ्यावर, काट्यांचे ट्रॅप आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींत बाणांचे ट्रॅप लावता. सुरुवातीच्या वेव्ह (शत्रूंच्या लाटा) आरामात जातात, पण ओगर, म्हणजे धिप्पाड शत्रू, यायला लागले की सगळं फुटतं. 'किंगडम रश' या गेममध्येही बरॅक (सैनिकांचा तळ) शेवटच्या वळणावर ठेवून तोच अनुभव येतो. मग आणखी ट्रॅप घ्यावेत, की दुसरा चोक पॉइंट, म्हणजे वाट अरुंद होते अशी जागा, शोधावा?

दोन्ही नको. चोक पॉइंट तुम्ही बरोबर निवडलाय. ट्रॅप चुकीच्या चौकोनांवर आहेत.

टॉवर डिफेन्समध्ये, म्हणजे वाटेवर मारा मांडून शत्रू रोखायच्या अशा गेममध्ये, शेवटी एकच गुणाकार चालतो: माऱ्याचा जोर गुणिले शत्रू माऱ्याखाली राहतो तो वेळ. ट्रॅप वाढवले की पहिला आकडा वाढतो, आणि त्यासाठी दरवेळी पैसे मोजावे लागतात. दुसरा आकडा जागेवर ठरतो, तो बराचसा फुकटात वाढवता येतो. तुमचा सगळा खर्च पहिल्या आकड्यावर झालाय. उंबरा ओलांडायला ऑर्कला (या गेममधल्या साध्या शत्रूला) फार वेळ लागत नाही. तेवढ्या वेळात जो मार बसेल तो बसला, नंतर समोर रिफ्ट मोकळा.

टोलनाका डोळ्यांसमोर आणा. बूमखाली एका वेळी एकच गाडी असते. रांग लागते ती मागे, अलीकडे. चोक पॉइंटचं अगदी तसंच आहे. अरुंद जागा स्वतः कुणाला मारत नाही, ती तिच्या अलीकडे गर्दी करून देते. ट्रॅप त्या गर्दीखाली हवेत. तुम्ही ते बूमखाली लावलेत.

आता काट्यांबद्दल जरा सविस्तर, कारण ओगरच्या वेव्हला फुटण्याचं मुख्य कारण इथेच आहे असं मला वाटतं. काट्यांच्या ट्रॅपवर पाय पडला की काटे वर येतात, त्या चौकोनावर जे असतील त्या सगळ्यांना लागतात, आणि मग ट्रॅप पुन्हा तयार व्हायला थोडा वेळ घेतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक, सगळ्यात पुढे धावत येणारा एकटा कोबोल्ड रनर तो ट्रॅप उडवतो आणि मागची झुंड नेमकी त्या रिकाम्या वेळात निघून जाते. म्हणजे महागडा वार एका चिल्लर शत्रूवर खर्च झाला. दोन, दाराच्या रुंदीत शेजारी-शेजारी तीन काटे लावले तर एक ओगर साधारण त्यातल्या एकावरूनच जातो. तेच तीन काटे वाटेच्या लांबीत एकामागे एक लावले तर तो तिन्हींवरून जातो. पैसे तेवढेच, मार तिप्पट. ओगर मुळातच संथ चालतो, त्यामुळे लांबीत मांडलेली रांग त्याच्यावर सगळ्यात जास्त वसूल होते.

'पण मग बाजूने निसटतील' हा आक्षेप रास्त आहे, आणि त्यासाठीच बॅरिकेड, म्हणजे वाट अडवणारे अडसर, आहेत. रुंद गॅलरीत बॅरिकेड लावून एका चौकोनाची वाट उरवा, मग लांबीतल्या रांगेला चुकवून जायला जागाच राहत नाही. फक्त वाट पूर्ण बंद करू नका. या गेममध्ये जाण्यापुरती फट असेल तर झुंड मुकाट्याने त्या फटीतून जाते. सगळं बुजवलं की मात्र ती बॅरिकेडच फोडायला लागते, आणि आपला अडसर त्यांचं लक्ष्य होऊन बसतो. कोबोल्ड सॅपर तर फट असली तरी बॅरिकेडवर येऊन स्फोट करतात, त्यांना हातातल्या शस्त्राने लांबूनच टिपायचं. ही जबाबदारी ट्रॅपवर सोडू नका.

बॅरिकेड लावताना आणखी एक बघा. शत्रू सगळ्यात जवळची वाट धरतो. तुम्ही एका जिन्यावर अडथळे वाढवत गेलात आणि ती वाट दुसऱ्या जिन्यापेक्षा थोडीशी लांब झाली, की अख्खी झुंड दुसरीकडून येते, जिथे तुमचा एकही ट्रॅप नाही. मी आणि माझा मावसभाऊ को-ऑपमध्ये खेळायचो तेव्हा आमची एक चांगली चाललेली फेरी अशीच गेली. दहाव्या वेव्हच्या आधी त्याने डाव्या बाजूला एकच बॅरिकेड जास्तीचं लावलं आणि पुढची वेव्ह पूर्ण उजवीकडून उतरली. तेव्हापासून प्रत्येक बॅरिकेडनंतर वेव्ह सुरू करण्याआधी शत्रूची दाखवलेली वाट पुन्हा नीट बघायची, हा आमचा नियमच झाला.

वाट लांबवण्याची ही कला जुनी आहे. २००७ साली पॉल प्रीसचा 'डेस्कटॉप टॉवर डिफेन्स' ब्राउझरवर आला. त्यात आयती वाट नव्हतीच, होतं एक मोकळं मैदान. आपण ठेवलेले टॉवर हेच भिंती. वाट पूर्ण बंद करायला गेम परवानगीच देत नसे. त्यामुळे खेळाडू नागमोडी चक्रव्यूह बांधायचे, आणि पोचलेले लोक एक टॉवर विकून एक तोंड उघडायचे व दुसरं बंद करायचे. झुंड वळून परत त्याच माऱ्याखालून धावायची. एकही नवा टॉवर न घेता वेळेचा आकडा दुप्पट. तो गेम मिळाला तर जरूर खेळा. चोक पॉइंट म्हणजे नकाशावर सापडणारी जागा नसून आपण घडवायची जागा आहे, हे मला तिथे कळलं.

आता मांडणीकडे येऊ. जमीन, भिंत आणि छत हे तीन वेगळे थर आहेत आणि ते एकमेकांची जागा खात नाहीत. जमिनीच्या एका चौकोनावर मात्र एकच ट्रॅप बसतो. म्हणून जमिनीवर काय ठेवायचं याचा विचार सगळ्यात कंजूषपणे करावा. माझी पद्धत अशी: दाराच्या अलीकडची सात-आठ चौकोनांची पट्टी घ्यायची, तिच्या दाराकडच्या टोकाला टार (डांबराचा) ट्रॅप, त्याच्यामागे लांबीत काटे, आणि दोन्ही भिंतींत समोरासमोर बाण, तेही टारवर तोंड करून. डांबरात पाय अडकलेला ऑर्क बाणांसमोर जास्त वेळ उभा राहतो. बाणांचा ट्रॅप सुटून पुन्हा भरेपर्यंत तो तिथेच असतो, म्हणजे एकाच ट्रॅपचे दोन वार मिळतात. आणि टारमुळे वाहतूक तुंबली की मागची गर्दी काट्यांवर साचते.

वेग कमी करण्याची किंमत किती, हे 'प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज'मध्ये आकड्यांत दिसतं. दाणे मारणारं पीशूटर झाड १०० सूर्यांना (हे त्या गेमचं चलन), गार दाणे मारणारी स्नो पी १७५ ला. दोघांचा एकेक दाणा सारखाच लागतो. तरी स्नो पी महाग का? कारण ती झॉम्बीचा वेग निम्म्यावर आणते, म्हणजे त्या रांगेतल्या बाकीच्या सगळ्या झाडांना दुप्पट वेळ मिळतो. पण रांगेत दुसरी स्नो पी लावली तर वेग आणखी कमी होत नाही. टारचंही धोरण मी तसंच ठेवतो: एका पट्टीत एकदा, योग्य ठिकाणी, पुढे पैसे मारणाऱ्या ट्रॅपवर. शिवाय परस्परविरोधी गोष्टी एका रांगेत नकोत. दाण्यांना आग लावणाऱ्या टॉर्चवुड झाडामधून गेलेल्या स्नो पीच्या दाण्याचा गारठा निघून जातो. महागाची दोन झाडं लावून गोठवण्याचा फायदा शून्य, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येतं.

शत्रूला उडवणारा स्प्रिंग ट्रॅप आणि ढकलणारा भिंतीतला पुश ट्रॅप यांचा तुम्ही उल्लेख केला नाहीत. बाजूला लाव्हा किंवा दरी असेल तर साध्या ऑर्कसाठी त्यांच्याइतकं स्वस्त काही नाही. पण ओगर त्यांना दाद देत नाही, तेव्हा तुमच्या आत्ताच्या अडचणीवर तो उपाय नव्हे. उडणाऱ्यांना जमिनीचा ट्रॅप लागू पडत नाही हे उघडच आहे, ते तुमच्या हातातल्या शस्त्रावर सोडा.

कॉम्बोकडेही बघा. एकाच शत्रूला वेगवेगळ्या प्रकारचा मार बसला की जास्त नाणी मिळतात. सहा काटे लावण्यापेक्षा टार, काटे, बाण आणि तुमच्या हातातलं शस्त्र असं मिश्रण याच कारणाने परवडतं. सुरुवातीच्या सोप्या वेव्हमध्ये साठलेली ही जास्तीची नाणीच ओगरच्या वेव्हला कामी येतात.

आता 'किंगडम रश'. उरुग्वेच्या आयर्नहाइडचा हा २०११ चा गेम आहे आणि त्यात अडवणं आणि मारणं ही कामं स्वच्छ वेगळी केली आहेत, म्हणून शिकायला तो फार चांगला. बरॅक ७० सोन्याची. तिचे तीन सैनिक एका वेळी तीन शत्रूंना अडकवतात, चौथा बाजूने निघून जातो. हा हिशोब न करता लोक एका बरॅककडून वीस गॉब्लिन थांबवण्याची अपेक्षा ठेवतात. तोफेचा टॉवर १२५ चा. त्याचा गोळा पडायला वेळ लागतो, त्यामुळे चालत्या शत्रूच्या मागे पडतो आणि वाया जातो. उभ्या शत्रूवर मात्र तो बरोबर पडतो, आजूबाजूच्यांनाही लागतो. म्हणून सैनिकांचा झेंडा तोफेच्या पल्ल्याच्या मधोमध रोवा. बरॅक बांधली की झेंडा हलवता येतो, हे कित्येक जण वापरतच नाहीत. टॉवर निवडताना वळणाच्या आतल्या बाजूची जागा घ्या, तिथून वाट येतानाही दिसते आणि जातानाही.

तुमची बरॅक शेवटच्या वळणावर आहे, म्हणजे सैनिक पडले की चूक सुधारायला जागाच उरत नाही. ऑर्क्समध्येही तीच गोष्ट. मारण्याची पट्टी आणि रिफ्ट यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवा, शक्यतो एक पूर्ण खोली. पट्टीतून वाचलेले दोन-चार जण तिथे तुम्हाला स्वतःला टिपता आले पाहिजेत. उंबऱ्यावरच खिंड लढवली तर ही दुसरी संधी मिळत नाही.

तेव्हा तोच नकाशा पुन्हा घ्या. वर सांगितलेली पट्टी मांडा आणि तिसरी वेव्ह शस्त्र न चालवता नुसती बघा. मुडदे कुठे पडतात तेवढंच बघायचं. पट्टीच्या पहिल्या अर्ध्यात पडले तर ओगरसाठी जागा शिल्लक आहे. दाराशी पडत असतील तर पट्टी मागे वाढवा, दारात नवीन काही लावू नका. पहिला ओगर दारापासून किती चौकोन अलीकडे पडला ते इथे कळवा, त्यावरून पुढचे पैसे कशावर घालायचे ते ठरवू.