शिलाईचा दर ठरलेला, कथेचा का नाही?

ताई, नमस्कार.

मी एम.ए., सेट. वय ३९. सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर मराठी शिकवतोय. कायम होण्याची आशा आता सोडली आहे. सुट्टीत पैसे नाहीत, बिलं चार-सहा महिन्यांनी निघतात. मागे आम्ही सगळे कोल्हापूरला उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयापुढे धरणं धरून बसलो, तेव्हा कुठे थकलेली बिलं निघाली.

मी कथा लिहितो. गेल्या नऊ वर्षांत सतरा कथा दिवाळी अंकांत आल्या, चांगल्या अंकांत आल्या. वाचकांचे फोन येतात. एका ज्येष्ठ समीक्षकांनी पोस्टकार्ड पाठवलं होतं, ते जपून ठेवलंय. मानधनाचं कधी विचारलं नाही. अंक घरी येतो, तेवढं पुरे. एक प्रकाशक संग्रह काढायला तयार आहेत. पस्तीस हजार आपण भरायचे, शंभर प्रती आपल्याला. बायकोच्या भिशीतून सोय होऊ शकते.

बायको शिवणकाम करते. घर दोन खोल्यांचं, मशीन दिवसभर चालू. रात्री मशीन थांबलं की त्या शांततेने मला जाग येते. दारावर तिने दरांची पाटी लावली आहे. साधा ब्लाउज १५०, अस्तराचा ३००, फॉल-पिको ८०, उधारी बंद. मध्यंतरी पुण्याहून दोन लेखकमित्र आले, तेव्हा मी ती पाटी काढून आत ठेवली होती. असो. मुद्दा हा की तिला साहित्यात रस नाही. अंक हातात दिला की उलटापालटा करून बघते आणि विचारते, "ह्याचं किती मिळालं?" त्या एका प्रश्नाने माझा दिवाळीचा आनंद जातो.

मेव्हणे चाकणला कारखान्यात आहेत. स्टोअरमध्ये जागा आहे म्हणतात, महिना बावीस हजार. गेलो तर लेखन संपेल, नाही गेलो तर घर बसेल. दोन संपादकांचे यंदाच्या अंकासाठी फोन येऊन गेलेत आणि मला लिहावंसंच वाटेनासं झालंय. पोटासाठी लेखकाने लेखन सोडावं का?

— एक तासिकावाला


सर,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही "असो" म्हणून झटकून टाकलंत. मी तिथेच अडकले. तुम्ही पाटी काढून आत ठेवलीत.

मित्र गेल्यावर ती परत कुणी लावली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही लावली नसणार. संध्याकाळी तिनेच कपाटामागून काढून, काही न बोलता, पुन्हा खिळ्याला अडकवली असेल. मित्रांना दिलेला चहा, बरोबरचे पोहे, बसायला टाकलेल्या चटईखालची खोली, या सगळ्याचे पैसे ज्या पाटीमुळे येतात ती पाटी मित्रांना दिसू नये असं तुम्हाला वाटलं. मला याचा राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

आता ती पाटी नीट वाचा. तीन कामं, तीन दर, एक अट. तालुक्याच्या गावात असा दर लावून तो टिकवणं सोपं नसतं. दारात येणारी बाई गिऱ्हाईक म्हणून येत नाही. ती शेजारीण असते, नात्यातली असते, मुलांच्या शाळेतली बाई असते. "घरचंच आहे गं, वीस कमी कर." "पुढच्या महिन्यात देते." तुमची बायको प्रत्येकीशी गोड बोलते, कपडा वेळेत देते, आणि पैसे घेते. संबंधही राखते आणि दरही राखते. सुरुवातीला तिलाही जीभ जड झाली असेल. पण घर चालवायचं म्हणून तिने ते शिकून घेतलं.

तुम्ही सतरा वेळा संधी येऊनही शिकला नाहीत. आणि तुम्हाला मागताच येत नाही असंही नाही! तासाचे पैसे थकले तेव्हा तुम्ही कोल्हापूरला जाऊन रस्त्यावर बसलात. पंचेचाळीस-पन्नास मिनिटांच्या तासाचे पैसे बुडाले तर तो अन्याय, आणि दोन-दोन महिने घासलेल्या कथेचे काहीच आले नाहीत तर "तेवढं पुरे". हे कसं पुरलं? कुणाला पुरलं?

का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा आहे आणि मला ती मनापासून प्रिय आहे. मराठी कथा या अंकांनी वाढवली. पण एका अंकामागे कुणाकुणाला पैसे मिळतात ते बघा. कागदवाल्याला मिळतात. डीटीपी करणाऱ्याला पानामागे मिळतात. छपाईला, बाइंडिंगला, मुखपृष्ठाला, कुरियरला मिळतात. विक्रेता आपलं कमिशन कापूनच पुढचा हिशेब देतो. काही मोजके संपादक लेखकालाही न मागता, वेळेवर, मानाने पैसे देतात. पुष्कळ जण देत नाहीत, कारण तुमच्यासारखे लेखक मागत नाहीत. ज्या कथांसाठी लोक तो अंक विकत घेतात, तेवढ्याच त्या अंकात फुकट आलेल्या असतात.

तुम्हाला वाटतं, तुम्ही साहित्याला काही दिलंत. सर, ते तुमचं नव्हतं. ज्या दुपारी तुम्ही कथा लिहीत बसलात त्या दुपारी दळणाचे, दुधाचे, गॅसचे पैसे तिच्या पायाखाली फिरणाऱ्या मशीनने आणले. तुमचा वेळ तिच्या शिलाईने विकत घेतला होता. तो तुम्ही सतरा वेळा संपादकांना देऊन टाकलात, तिला न विचारता. म्हणून ती अंक उलटापालटा करून विचारते, "ह्याचं किती मिळालं?" तुम्हाला तो अडाणी प्रश्न वाटतो. मला वाटतं, तुमच्या लेखनाला आजवर इतक्या गांभीर्याने कुणी घेतलं नसेल. पोस्टकार्ड पाठवणाऱ्या समीक्षकांनी तुमच्या कथेला दाद दिली. तुमची बायको तुमच्या कथेला काम समजते. फुकट गेलेल्या कामाची चौकशी घरातलं माणूसच करतं.

तिला साहित्यात रस नाही, हे तुम्हाला कसं कळलं? नऊ वर्षांत एकदा तरी मशीन बंद करायला लावून, समोर बसवून तिला कथा वाचून दाखवलीत का?

आता पोटाचा प्रश्न. चाकणच्या स्टोअरमध्ये बसल्याने कुणाचं लेखन संपत नाही. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते, अरुण कोलटकर जाहिरातीत. शान्ता शेळक्यांनी कॉलेजात शिकवलं, साप्ताहिकात काम केलं, अनुवाद केले, चित्रपटांची गाणी लिहिली. नोकरी करून लिहिणं ही मराठीतली रीतच आहे. चाकणला जायचं की नाही, हा निव्वळ हिशेब आहे आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. तिची गिऱ्हाइकं गावात आहेत. घर हलवलं तर तिचा धंदा नव्या ठिकाणी शून्यापासून सुरू होईल. तुम्ही एकटे गेलात तर दोन चुली होतील. बावीस हजारांतून हे वजा केल्यावर काय उरतं, याचा एक शब्दही तुमच्या पत्रात नाही. तो हिशेब तिच्यासमोर बसून करा. तिला तो तुमच्यापेक्षा लवकर सुटेल.

उपाशी लेखकाचं जे चित्र आपण डोक्यात वागवतो त्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण त्या चित्रातला मोठा माणूस तुमच्याच जिल्ह्यातला आहे. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत त्यांनी एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या काहींवर चित्रपट निघाले, आणि १९६९ साली, वयाची पन्नाशीही गाठण्याआधी, हलाखीत ते गेले. ही कहाणी सांगताना लोकांचा आवाज भरून येतो, जणू काही दारिद्र्यानेच त्यांना मोठं केलं. अजिबात नाही. दारिद्र्याने आपल्या हातून त्यांची पुढची वीस वर्षं नेली. त्या वर्षांत ते काय लिहिते झाले असते, ते आता कुणालाच वाचता येणार नाही. माझ्या लेखी ती मराठी समाजाची थकबाकी आहे.

तुमच्याच जिल्ह्यातले दुसरे, माडगूळचे ग. दि. माडगूळकर. पटकथा लिहिल्या, संवाद लिहिले, गाणी लिहिली, आणि त्या कमाईवर पुण्यात घर केलं. गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीच्या मागणीवरून सुरू झालं. वर्षभर, आठवड्याला एक गीत, मुदत ठरलेली. मागणी होती, मुदत होती, तरी त्यातला एक शब्द उणा पडला नाही. या दोघांपुढे समाजाने आणि जातीने ठेवलेल्या वाटा सारख्या नव्हत्या, त्यामुळे एकाला दुसऱ्याचं उदाहरण देणं मला पटत नाही. पण लेखनाचे पैसे घेतल्याने लेखन बाटतं, असं या दोघांतल्या कुणाचंही आयुष्य सांगत नाही.

पस्तीस हजारांच्या संग्रहाला माझं उत्तर: नाही. भिशीला हात लावायचा नाही. तुमचं हे पहिलं पुस्तक आहे ना? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. मंडळ हस्तलिखितं मागवतं, जाणकारांकडून वाचून घेतं. तिथे पाठवा. आणि पुढे कुठल्याही प्रकाशकासमोर बसाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा की १९५७च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे लेखी करारावाचून तुमचे हक्क दुसऱ्याकडे जात नाहीत. करारात रॉयल्टी किती, हे लिहावंच लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. तुम्ही आजवर कुणाला काही लिहून दिलेलं नसेल, तर त्या सतराही कथा अजून तुमच्याच आहेत. सही केल्याशिवाय त्या कुठे जाणार नाहीत, तेव्हा सही जपून करा.

हेही स्पष्ट सांगते की दिवाळी अंकांच्या मानधनावर घर चालणार नाही. सतराच्या सतरा कथांचे पैसे आले असते, तरी तुमची तासिका सुटली नसती. तरीही मी तुम्हाला मागायला लावणार आहे. तुम्हाला लिहावंसं वाटत नाही याचं कारण चाकण नाही. जे काम केल्यावर घरात मान खाली घालावी लागते, ते काम पुन्हा करायला हात उचलत नाही, एवढंच झालंय. तुमच्यात लेखक शाबूत आहे. "रात्री मशीन थांबलं की त्या शांततेने मला जाग येते," हे वाक्य तुम्ही तक्रारीच्या भरात लिहून गेलात. मी ते वाचून पत्र खाली ठेवलं होतं. असं वाक्य लिहिणाऱ्याने लेखन सोडू नये.

दोन संपादकांचे फोन आलेत. आज रात्री मशीन थांबल्यावर बायकोजवळ बसा. एका कथेला किती दिवस जातात, किती पानं होतात, किती वेळा पुन्हा लिहावी लागते, हे तिला सांगा आणि दर तिला ठरवू द्या. ती पाच हजार म्हणाली तर पाच हजार. "इतके कोण देतं" असं म्हणायचं नाही. मग दोन्ही संपादकांना हे पाठवा:

"नमस्कार. यंदाच्या अंकासाठी आठवण ठेवलीत, आनंद वाटला. कथा ऑगस्टअखेर देईन. कथेचं मानधन रु. ____ आहे. अंक प्रसिद्ध झाल्यावर महिनाभरात मिळावं. कथा एकदा छापण्याची परवानगी यात धरली आहे. पुस्तकाचे, ऑडिओचे आणि इतर हक्क माझ्याकडे राहतील. मान्य असेल तर कळवा, म्हणजे कामाला लागतो."

यात "जमल्यास" घालू नका, "आपल्या सोयीने" घालू नका. काही संपादक खरोखर पदरमोड करून अंक काढतात. त्यांच्यापैकी कुणी मोकळेपणाने "एवढे नाहीत, दोन हजार देतो" म्हणालं, तर दोन हजार घ्या आणि कथा मन लावून लिहा. "आपल्यात कसलं मानधन" असं म्हणालं, तर कथा देऊ नका, तिसऱ्या संपादकांना विचारा. आणि खाली बँकेच्या खात्याचा तपशील द्याल, तो तिच्या खात्याचा द्या.