कपबश्या कोण विसळणार?

ऐरोलीहून एका बहिणीचं पत्र आलंय. चार पानी आहे, त्यातलं मोजकं इथे देते.

"मावशी, सलाम. आम्ही मूळचे नगरकडचे, लग्नानंतर ऐरोलीत. वन बीएचके आहे. दीड वर्षापूर्वी मिस्टरांनी घरातच मंडळी, म्हणजे घरगुती चर्च, सुरू केली. चार जण होते, आता दर रविवारी संध्याकाळी वीस-बावीस येतात. जिन्यापर्यंत चपला. सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा बोलून गेले. चहा, पोहे, शेवटी कपबश्या, सगळं मी एकटी करते, गाणी ओट्यापाशी उभ्यानं ऐकते. मुलगी दहावीत आहे, रविवारी पुस्तकं घेऊन शेजारच्या काकूंकडे जाते. आता बुधवारीही सभा घ्यायची आणि एका नवीन जोडप्याला दोन-तीन महिने हॉलमध्ये ठेवायचं, असं त्यांनी ठरवलंय. मुलीच्या नावची आरडी मला न विचारता मोडली, एका भावाला दवाखान्यासाठी दिली. मागच्या महिन्यात मी म्हटलं, मला झेपत नाही. तर त्यांनी सगळ्यांसमोर बॉनहॉफरच्या पुस्तकातला स्वस्त कृपेचा उतारा वाचला आणि म्हणाले, आपल्याच घरात मार्था आहे, येशूपाशी बसायचं सोडून कामात गुंतलेली ती बायबलमधली. मी नळ सोडून रडले. तरीही, दिव्याहून येणाऱ्या एका बाईनं परवा पहिल्यांदा मोठ्यानं प्रार्थना केली तेव्हा माझे डोळे भरून आले. चर्चमध्ये ती कधीच बोलली नसती. मावशी, माझा विश्वास कमी पडतोय का?"

पोरी, मावशी म्हटलंस म्हणून तुझ्याशी एकेरीत बोलते.

तुझा विश्वास कमी पडत नाहीये, तुझी पाठ भरून आलीय. या दोन गोष्टींची गल्लत तुझ्या घरात झालीय आणि दुर्दैवानं ती एका चांगल्या पुस्तकाच्या आधारानं झालीय. म्हणून आधी पुस्तकाबद्दलच बोलते.

ते 'द कॉस्ट ऑफ डिसायपलशिप', म्हणजे शिष्यत्वाची किंमत. डीट्रिख बॉनहॉफर या जर्मन पाळकाचं हे पुस्तक 1937 साली जर्मनीत निघालं. त्याच्या मूळ जर्मन नावाचा साधा अर्थ 'मागे चालणं'. स्वस्त कृपा म्हणजे पश्चात्ताप न करता मिळालेली क्षमा, शिष्य न होता मिरवलेलं ख्रिस्तीपण. हे शब्द त्यानं एका अख्ख्या चर्चला उद्देशून लिहिले. त्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, प्रभुभोजन, उपदेश सगळं यथासांग चालू होतं आणि त्याच वेळी त्यातले कितीतरी जण हिटलरपुढे मान तुकवून बसले होते. रविवारी बावीस कप विसळणाऱ्या बाईला गप्प करायला ते पान उघडायचं नसतं. तुझ्या मिस्टरांनी ते उघडलं, हे चुकलंच.

आता एक प्रसंग सांगते, तो त्यांना जरूर सांग. 1935 साली बॉनहॉफरनं तरुण पाळकांसाठी एक छोटी शाळा चालवायला घेतली. हिटलरच्या चर्चला नकार देणाऱ्यांची ती शाळा. पहिले काही आठवडे ती बाल्टिक समुद्राच्या काठी झिंगस्ट नावाच्या जागी भरली, मग फिंकेनवाल्डेला गेली. एकत्र राहायचं, एकत्र प्रार्थना, एकत्र जेवण. एक दिवस जेवणं चालू असताना स्वयंपाकघरातून निरोप आला, मदतीला कुणीतरी या. कुणी हललं नाही. बॉनहॉफर एक शब्द न बोलता उठला आणि आत गेला. मग ओशाळून बाकीचे धावले, तर त्यानं कुणालाच आत घेतलं नाही. काम उरकून तो किनाऱ्यावर सगळ्यांत येऊन बसला, पण त्यावर काही बोलला नाही. तिथं शिकणारा त्याचा मित्र एबरहार्ड बेट्गे यानं पुढे त्याचं चरित्र लिहिलं, त्यात हे आहे.

मी ते वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. घरी पाळकसाहेब आले की ती दाराच्या फटीतून प्रार्थना ऐकायची, हात पिठात. तिला कुणी बाहेर ये म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं. आज ते मला लागतं.

फिंकेनवाल्डेची शाळा 1937 मध्ये गेस्टापोनं, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, बंद केली. त्यानंतर बॉनहॉफरनं तिथल्या सहजीवनावर एक छोटं पुस्तक लिहिलं, 1939 साली निघालेलं 'लाइफ टुगेदर'. तुझ्या मिस्टरांकडे पहिलं आहे तर हेही हवंच. त्यात एकमेकांची सेवा कशी करायची ते सांगताना तो ऐकून घेण्याच्या सेवेला फार वर ठेवतो: जो भावाचं ऐकणं सोडतो तो लवकरच देवाचंही ऐकेनासा होतो, अशा अर्थाचं. आणि किरकोळ, बाहेरच्या कामातल्या मदतीलाही तो सेवाच म्हणतो. शिवाय असं बजावतो की मंडळीचं स्वतःच्या मनातलं स्वप्न ज्याला प्रत्यक्ष मंडळीपेक्षा प्यारं होतं, तो ती मंडळी मोडतो, त्याचा हेतू कितीही शुद्ध असो. तुझे मिस्टर मनानं वाईट नाहीत गं. दवाखान्यासाठी पैसे देणारा माणूस आहे. त्यांना लागलेली भूक खरी आहे. पण स्वप्न बघताना त्यांची नजर तुझ्या डोक्यावरून पलीकडे जाते.

बॉनहॉफरनं पुढे तुरुंगातून, 21 जुलै 1944 ला, बेट्गेला पत्र लिहिलं. त्यात तो कबूल करतो की पवित्र आयुष्य जगून आपल्याला विश्वास कमावता येईल असं मला वाटत होतं आणि त्या वाटेच्या शेवटी मी ते पुस्तक लिहिलं. आज त्यातले धोके दिसतात, तरी लिहिलेल्यावर मी ठाम आहे. विश्वास शिकायचा तो या जगात पूर्ण उतरून, कामांच्या, प्रश्नांच्या, यशापयशाच्या मधोमध. नऊ महिन्यांनी, 9 एप्रिल 1945 ला, त्याला फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी दिलं. शिष्यत्वाची किंमत त्यानं स्वतःच्या जिवानं मोजली. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातला बुरूज बांधणारा माणूसही आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, तो स्वतःजवळ काय आहे याचा. बायकोच्या कमरेचा आणि लेकीच्या आरडीचा हिशेब तिला विचारल्याशिवाय कसा होईल?

घरातल्या मंडळीबद्दलही थोडं. प्रिस्का आणि अक्विला हे बायबलमधलं तंबू करणारं जोडपं, त्यांच्या घरी मंडळी भरायची. रोमकरांना पत्रातून सलाम पाठवताना प्रेषित पौल प्रिस्काचं नाव नवऱ्याच्या आधी घेतो. सहकारी म्हणतो तिला. फिलेमोनाच्या घरीही मंडळी होती आणि त्याला लिहिलेलं अख्खं पत्र कशाबद्दल आहे? त्याच घरातल्या अनेसिम नावाच्या दासाबद्दल, की याला आता भाऊ म्हणून घरात घे. करिंथच्या मंडळीला पौल रागावतो तोही जेवणावरून: आधी आलेले पोटभर खातात, मागून येणारा उपाशी राहतो, एकमेकांसाठी थांबा. राबणारा माणूस मंडळीत कुठं बसतो हे पौलानं इतक्या बारकाईनं पाहिलं आहे.

मार्थाचं बोलणं मनाला फार लावून घेऊ नकोस. योहानाच्या अकराव्या अध्यायात, तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, ही कबुली मार्थाच देते. बाराव्यात ती पुन्हा वाढायला उभी आहे आणि तिथं तिला कुणी काही म्हणत नाही.

आपल्याकडचंही बघ. रेव्हरंड टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. केवढं मोठं स्वप्न! त्या आणि त्याआधीच्या सगळ्या वर्षांत घर कसं चाललं हे मात्र आपल्याला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आठवणींतून कळतं. मिस्टरांना ते वाचायला दे. मराठी आहे, लवकर पोहोचेल.

आता करायचं काय. मंडळी बंद करा असं मी सांगणार नाही. दिव्याहून येणाऱ्या त्या बाईला जिथं आवाज फुटला, ती जागा मोलाची आहे, आणि ती तू तुझ्या हातांनी उभी केलीस. पण प्रेषितांच्या कृत्यांत ते घरोघरी भाकर मोडत होते, एकाच घरी नाही. बावीस माणसं म्हणजे किमान सात-आठ घरं. महिन्यातला एकच रविवार तुझ्याकडे, बाकीचे घणसोली, कळवा, दिवा, जिथं ज्याला जमेल तिथं. सेक्रेटरींचा प्रश्नही त्यानं निम्मा सुटेल. उरलेल्यासाठी तुम्ही दोघं त्यांना भेटून वेळ आणि आवाज ठरवून घ्या. पोहे बंद कर. चहा पुरे, आणि तो ज्यानं प्यायला त्यानं आपला कप विसळायचा, पुरुषांनीसुद्धा.

बुधवारची सभा मुलीची परीक्षा संपेपर्यंत नाही. तिला रविवारीही घर हवं. जोडप्याला हॉलमध्ये ठेवायला तू नाही म्हण. मंडळीनं मिळून त्यांना भाड्याची खोली बघून द्यावी, डिपॉझिट सगळ्यांनी वाटून घ्यावं; दान एकाच घराच्या डोक्यावर का? आरडीचं बोलणं कडक कर. मदत करायला तुझी ना नसेल, पण लेकीच्या पैशावर दोघांची सही, हा नियम आजपासून. आणि मोडलेली रक्कम थोडी थोडी करून परत भरायची.

हे सगळं रविवारी रात्री बोलू नकोस, दोघंही थकलेले असता. एखाद्या सकाळी खाडीकडे चालायला घेऊन जा. सुरुवात अशी कर: "त्या बाईनं प्रार्थना केली तेव्हा मीही रडले, पण ओट्यापाशी. मला आत बसायचंय." तक्रारीआधी हे ऐकलं तर ते थांबतील, असं मला वाटतं. मग दुसरं: जे सगळ्यांसमोर बोलले, त्याची क्षमाही सगळ्यांसमोर मागायची. फिंकेनवाल्डेत एक नियम होता, गैरहजर भावाबद्दल त्याच्या पाठीमागे बोलायचं नाही आणि बोललं गेलंच तर जाऊन त्याला सांगायचं. तू तर गैरहजरही नव्हतीस, भिंतीपलीकडे होतीस.

त्यांनी ऐकलंच नाही तर? मग ज्या चर्चमध्ये तुमचं लग्न झालं तिथल्या पाळकांना भेट. ऐरोलीहून ठाणं कितीसं लांब, मधे एक दिघा गाव. पाळकांच्या बायकोशीही बोल, या गोष्टी तिला लवकर कळतील. घरच्या मंडळीला बाहेरचा एखादा वडीलधारा डोळा हवाच. एकाच माणसाच्या हातात पुस्तक, पैसा आणि शेवटचा शब्द असला की चांगला माणूससुद्धा घसरतो.

या रविवारी चहा थर्मासमध्ये आधीच भरून ठेव. गाणी सुरू झाली की गॅस बंद कर, हात पूस आणि त्या दिव्याच्या बाईशेजारी जाऊन बस. कपबश्या तशाच राहू देत. कोण उठतं ते मला कळव.

तुझी,
मावशी