उमेदवार बघून घर घेऊ नका

तुम्ही दोघी पुढच्या वर्षी सिडनीला येताय. जिथला उमेदवार समलिंगी विवाहाच्या बाजूने उघड बोलतो त्याच भागात भाड्याचं घर बघायचं म्हणताय, आणि ते बरोबर आहे का असं विचारलंस. व्हिसाचे प्रकार, पॉइंट, फी हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी सांगत बसत नाही. पण उमेदवाराचं वाचलं आणि रात्री झोपच लागली नाही, म्हणून लिहितेय.

मी आणि माझी जोडीदार परमॅटाला, म्हणजे पश्चिम सिडनीत राहतो. समलिंगी विवाहाला परवानगी द्यावी का, यावर 2017 मध्ये पोस्टाने कौल घेतला, त्यात देशाने 61.6 टक्के ‘हो’ म्हटलं. परमॅटाने 61.6 टक्के ‘नाही’ म्हटलं. दशांशासकट तोच आकडा, फक्त उलटा. देशातल्या 150 पैकी 17 मतदारसंघ विरोधात गेले, त्यातले 12 सिडनीतले, बहुतेक पश्चिमेकडचे. म्हणजे जिथे तुम्ही घर शोधणार, कारण भाडं जरा परवडतं आणि आपली माणसं आहेत, तिथलेच. आता गंमत बघ. आमच्या तेव्हाच्या खासदार ज्युली ओवेन्स, लेबर पक्षाच्या. त्या समलिंगी विवाहाच्या बाजूने होत्या, संसदेत मतही तसंच दिलं, आणि 2019 ला याच परमॅटाने त्यांना परत निवडून दिलं. लोक मत देताना दवाखाना, शाळा, रस्ते असं दहा गोष्टी बघतात. उमेदवाराच्या पत्रकावरून शेजारीण कशी निघेल ते कळत नाही.

आणि नेत्यांचं म्हणशील तर लेबरच्याच नेत्या पेनी वाँग स्वतः लेस्बियन. तरी पक्षाची भूमिका म्हणून बरीच वर्षं त्यांना जाहीरपणे विरोधाचीच बाजू मांडावी लागली. 2017 चा निकाल लागला तेव्हा त्या रडल्या, 2024 मध्ये लग्न केलं. कायदा 9 डिसेंबर 2017 पासून आहेच, आता कोणी उमेदवार तुम्हाला तो नव्याने देणार नाहीये.

तुमचं डोकं खाणार ते कागद. आम्ही 2011 मध्ये आलो, मी स्किल्ड व्हिसावर, ती माझी डी फॅक्टो पार्टनर, म्हणजे लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडीदार म्हणून. बारा महिने एकत्र राहिल्याचे पुरावे द्या म्हणाले. राहत होतो चार वर्षं! पण लिव्ह अँड लायसन्सवर नाव फक्त माझं, कारण मालकांना ‘एकच मुलगी, सभ्य, नोकरीवाली’ हवी होती. गॅस मालकांच्या नावावर, लाइट मालकांच्या नावावर. मग सोसायटीकडून पत्र आणलं. सेक्रेटरी काका भला माणूस, स्वतः टाइप करून, शिक्का मारून दिलं. आमच्या व्हिसा एजंटने ते वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिला. त्यात लिहिलं होतं, ‘सदर महिला आपल्या मावसबहिणीसह येथे वास्तव्यास आहेत.’ चूक काकांची नव्हती. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये ‘नाते’ या रकान्यात मीच, माझ्या अक्षरात, मावसबहीण लिहिलं होतं. वॉचमनने विचारू नये म्हणून मारलेली थाप शिक्क्यासकट परत आली. पुढचे पाच महिने जुने बसपास, तिच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात मी केलेली सही, कुरिअरच्या पावत्या असलं काय काय गोळा केलं. तो एजंट तेवढ्याचे वेगळे पैसे घेऊन वर ‘तुम्ही आधीच विचार करायला हवा होता’ म्हणाला. अजून संताप येतो. तर आजच बँकेत जाऊन जॉइंट खातं उघडा आणि घरभाडं त्यातूनच जाऊ दे. करारावर दोघींची नावं घालायला मालक तयार नसेल तर घर बदला, यायला अजून वर्ष आहे.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. पहिल्या जून-जुलैत जास्त, तेव्हा इथे थंडी असते. पुढे जातो.

जात नाही ते वेगळंच. इथे आल्यावर गणपतीत एका काकूंनी विचारलं, ‘ही कोण गं तुझी?’ आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? मावसबहीण. इथे तर कोणी रजिस्टरही पुढे केलं नव्हतं. 2017 ला मी नागरिक झालेली होते, कौलाचा फॉर्म पोस्टात टाकताना दोघींनी पाकिटाला हात लावला होता. त्याच आठवड्यात काकू म्हणाल्या, ‘आपण तर बाई नाहीवर खूण केली, तू?’ मी म्हटलं, फॉर्म कुठे ठेवलाय तेच सापडत नाहीये.

2019 च्या निवडणुकीत ओवेन्सबाईंची ‘हाऊ टू व्होट’, म्हणजे मत कसं द्यायचं ते सांगणारी पत्रकं वाटायला मी नाव दिलं होतं. शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं, आल्यागेल्याच्या हातात कागद द्यायचा, एवढंच काम. सकाळी पोहोचले तर रांगेत मंडळातली निम्मी माणसं. प्रचाराच्या टी-शर्टवर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, मत दिलं आणि पोटात दुखतंय सांगून घरी आले. त्या बाई निवडून आल्या, माझ्यावाचून काही अडलं नाही. पण माझ्यासाठी उभं राहणाऱ्या उमेदवारासाठी मला दोन तास उभं राहता आलं नाही, आणि तू मला विचारतेस की उमेदवार बघून घर घेऊ का.

आमचं लग्न झालंय, नोंदणी करून, ऑफिसमधले दोघे साक्षीदार. काकू अजूनही दिवाळीला ‘तुम्हा बहिणींना’ म्हणून फराळाचा डबा पाठवतात. चकली चांगली करतात.

आत्ता ती चहा घेऊन आली आणि म्हणाली, एवढं काय लिहितेस? म्हटलं, कोणी व्हिसाचं विचारलंय.