झोप आलेली असते, तरी अंथरूण नको वाटते

प्रश्न : मी अंबाजोगाईत शिक्षिका आहे. शाळा, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधे आवरेपर्यंत अकरा वाजतात. डोळे मिटत असतात, तरी एक वाजेपर्यंत मी मोबाईल पाहत बसते. हा निद्रानाश आहे का?

उत्तर : नाही. निद्रानाशात माणूस अंथरुणावर तळमळतो. आपण अंथरुणापर्यंत जातच नाही. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये या सवयीवर निबंध प्रसिद्ध केला. बाहेरचे कोणतेही कारण नसताना ठरलेल्या वेळी न झोपणे, अशी तिची व्याख्या करून त्यांनी तिचा संबंध मनोनिग्रहाशी जोडला. ते मान्य करूनही, आपली दिनचर्या वाचल्यावर सगळा दोष मनोनिग्रहाला द्यावा असे मला वाटत नाही. पहाटेपासून जिला कुणाच्या ना कुणाच्या हाकेला ओ द्यावी लागते, तिला स्वतःचा असा पहिला वेळ रात्री अकराला मिळतो आणि तोही लगेच झोपेच्या स्वाधीन करणे तिच्या जिवावर येते. त्यामुळे मोबाईल दूर ठेवण्याचा उपाय एकटा फार दिवस टिकत नाही. संध्याकाळचा अर्धा तास आपला असावा आणि त्यासाठी घरातले एखादे काम दुसऱ्याकडे जावे. सासूबाईंना औषधे त्यांचा मुलगाही देऊ शकेल. दात घासणे, गाद्या घालणे हेही नऊच्या सुमारास उरकावे, कारण थकल्यावर तेवढ्याच कामांच्या कंटाळ्याने माणूस खुर्चीत बसून राहतो.

प्रश्न : मुलगा लातूरला नीटची तयारी करतो. रात्री दोनपर्यंत जागतो आणि सकाळी क्लासला त्याला उठवत नाही. हा आळस समजावा का?

उत्तर : घाईने समजू नये. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळच पुढे सरकते. झोपेची सूचना देणारे मेलाटोनिन उशिरा वाढू लागते, आणि या वयाला झोप तर आठ ते दहा तास लागते. दिवा व मोबाईल बंद करून अकराला पडल्यावरही त्याला झोप येत नसेल, तर घड्याळाचा भाग मोठा आहे. पेंगत असूनही तो पडत नसेल, तर ती टाळाटाळ आहे. दोन्हींत उठण्याची वेळ रविवारीही फारशी बदलू नये आणि उठताच त्याने उजेडात यावे. संध्याकाळनंतरचा चहा मात्र बंद करावा, कारण त्यातील निम्मे कॅफिन साधारण पाच तासांनंतरही शरीरात असते.

प्रश्न : आमच्याकडे, परभणी जिल्ह्यात, कृषिपंपाची लाईट एक आठवडा दिवसा, तर एक आठवडा रात्री असते. पाणी देऊन पहाटे घरी येतो. मलाही हीच सवय लागली आहे का?

उत्तर : मुळीच नाही. आपल्याला विजेचे वेळापत्रक जागवते, आणि दिवसा वीज मिळण्याची मागणी हाच त्यावरचा खरा इलाज आहे. तोवर परतल्यावर अंधाऱ्या खोलीत सलग झोपावे, घरच्यांनी मध्येच उठवू नये, आणि झोप पुरी झाल्याशिवाय मोटारसायकल वा मळणीयंत्राला हात लावू नये.